गाडी गेली, नाव राहिलं

पोस्ट लांब झाली आहे, आधीच सांगतो. पण गेल्या दोन-तीन वर्षांत ज्यांनी मोबाइलवरून जुनी गाडी विकली असेल त्यांनी शेवटपर्यंत वाचा. आणि वाचायच्या आधी एक काम करा. एमपरिवहन ॲप उघडा आणि विकलेल्या गाडीचा नंबर टाकून बघा. मालकाचं नाव हल्ली ताऱ्यांनी झाकलेलं दिसतं, पण आपलं नाव आपल्याला ओळखू येतंच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चेंबूर स्टेशनबाहेर कटिंग घेत उभा होतो. मोबाइलवर मेसेज आला, खालापूर टोलनाक्यावर तुमच्या फास्टॅगमधून पैसे कापले. मी चेंबूरला आणि गाडी खालापूरला! चोरीला गेली नव्हती. ती मी जूनमध्येच विकली होती.

विकायचं कारण चेंबूरकरांना वेगळं सांगायला नको. टिळकनगरमधली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, आम्ही घाटल्यात भाड्याने आलो. इथे माणसांना जागा आहे, गाडीला नाही. रोज रात्री अकरा वाजता पार्किंग शोधत डायमंड गार्डनला तीन फेऱ्या मारायच्या आणि सकाळी काचेवर कोणीतरी चिकटवलेला राग वाचायचा. शेवटी ठरवलं, काढून टाकू. २०१३ची वॅगनआर, पेट्रोल, एमएच-०३, एकहाती वापरलेली. मे महिन्यातच ७४५ रुपये अधिक जीएसटी भरून नवीन एचएसआरपी नंबरप्लेट बसवून घेतली होती, कारण ती नसेल तर आरटीओत मालकी बदलत नाही. म्हणजे माझ्या बाजूने कागद चोख होते.

आमच्याकडे फलटणला गाडी विकायची म्हणजे एक कार्यक्रम असायचा. गॅरेजवाला कोणाला तरी घेऊन यायचा. तो चाकावर लाथ मारून बघणार, बॉनेट उघडणार, "अण्णा, इंजिन बसलंय तुमचं" म्हणणार. मग चहा, मग टोकन, मग स्टॅम्पपेपर. पंधरा दिवस जायचे, पण गाडी कोणाच्या दारात गेली हे माहीत असायचं. मुंबईत वीस वर्षं बातमीदारी करूनही गाडी विकायला कुर्ल्याच्या बाजारात जायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून ॲप.

ॲपवर नंबर टाकला की लगेच अंदाजे किंमत येते. २ लाख १० हजार ते २ लाख ४० हजार. बायकोने त्यातला वरचा आकडा धरून फ्रिज बघायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी कंपनीचा मुलगा घरी आला. गोवंडीचा, अतिशय नम्र, हातात टॅब आणि रंगाची जाडी मोजायचं एक छोटं यंत्र. डाव्या दाराला रंग मारलाय हे त्याने मिनिटभरात पकडलं. ते दार सोसायटीच्या खांबाला घासलं होतं, मीच विसरलो होतो. क्लच कडक, दोन टायर संपत आलेले, एसीचा आवाज. सगळं त्याने टिपलं, फोटो काढले. मग अर्ध्या तासाचा लिलाव. बोली लावणारे डीलर आपल्याला दिसत नाहीत, फक्त आकडा सरकताना दिसतो. तो १ लाख ५१ हजारांवर येऊन थांबला. पाच मिनिटांत फोन आला. "सर, मॅनेजरशी बोलून १ लाख ५८ करून देतो, पण आजच डील करावी लागेल." त्यातून सर्व्हिस चार्ज, कागदपत्रांचा खर्च जाऊन दीड लाखाच्या आसपास हातात.

किमतीबद्दल माझी फारशी तक्रार नाही, हे स्पष्ट करतो. डीलर गाडी घेणार, दुरुस्त करणार, दोन महिने उभी ठेवणार, त्याचं त्याला सुटायला हवं. शिवाय त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. डिसेंबर २०२४मध्ये जैसलमेरच्या जीएसटी कौन्सिलने हा दर ठरवला तेव्हा आपल्याकडे व्हॉट्सॲपवर केवढा गोंधळ झाला होता आठवा. तो कर व्यापाऱ्याच्या मार्जिनवर आहे. तुम्ही-मी आपली घरची गाडी विकली तर आपल्याला जीएसटी नाही. मला खटकतं ते एवढंच की पहिला आकडा गळाला लावलेल्या गांडुळासारखा असतो. माणूस एकदा मनाने गाडी विकून मोकळा झाला की पन्नास-साठ हजार कमी आले तरी मागे फिरत नाही. हे त्यांना पक्कं माहीत असतं.

आणि या पद्धतीचे फायदेही आहेत. माझ्या थोरल्या बहिणीने मुलुंडला भावजी गेल्यावर गाडी अशीच विकली. एकट्या बाईने अनोळखी लोकांना ट्रायल द्यायची, घासाघीस करायची, रोख पैसे मोजून घ्यायचे, यातून ती सुटली. पैसे त्याच दिवशी खात्यात आले आणि दीड महिन्यात आरसीवरचं नावही बदललं. तिच्याच अनुभवावर विसंबून मी पुढे गेलो.

आता कागदांचं सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. फॉर्म २९ आणि फॉर्म ३०वर माझ्या सह्या घेतल्या. खरेदीदाराच्या नावाची जागा कोरी होती. मी विचारलं, तर मुलगा म्हणाला, "सर, सगळ्यांचं असंच असतं, एंड कस्टमर मिळाला की भरतात." अहो, मी पत्रकार. पदविका घेतली तेव्हापासून लोकांना लिहून लिहून सांगतोय की कोऱ्या कागदावर सही करू नका. आणि स्वतः उभ्या उभ्या सहा सह्या करून मोकळा! किल्ली गेली, गाडी गेली, हातात डिलिव्हरी नोट आली. कंपनीने माझ्या पैशातले ५ हजार रोखून ठेवले, जुनं एखादं चलन निघालं तर असावेत म्हणून, नाव ट्रान्सफर झाल्यावर परत. म्हणजे माझ्यामुळे त्यांचं नुकसान होऊ नये याची अनामत त्यांनी घेतली. त्यांच्यामुळे माझं नुकसान होऊ नये याची अनामत मी काय घेतली? काहीच नाही. तेव्हा डोक्यातही आलं नाही.

फास्टॅग बंद करायचा राहून गेला ही माझी चूक. "राहू द्या सर, आम्ही काढतो" म्हणाले आणि मी विश्वास ठेवला. पण ती चूक झाली म्हणूनच कळलं. नाहीतर मेसेज आलाच नसता.

चहा तसाच ठेवून ॲप उघडलं. मालक मीच. विक्रीला साडेतीन महिने झालेले. त्याच पानावर खाली विम्याची मुदत दिसते, ती ऑगस्टमध्ये संपलेली. माझ्या पोटात गोळा आला तो तिथे. माझ्या नावावरची गाडी, विम्याशिवाय, मला माहीत नसलेला माणूस एक्सप्रेस वेवर पळवत होता. त्याच आठवड्यात पुणे-सातारा रस्त्यावर वेग ओलांडल्याचं ई-चलन आलं, अर्थात माझ्याच मोबाइलवर. बायको म्हणाली, "तुम्ही गाडी विकलीत की भाड्याने दिलीत?"

कंपनीच्या कॉल सेंटरला फोन केला. तिकीट नंबर मिळाला. "सर, आपली ट्रान्सफर प्रोसेसमध्ये आहे." आठवड्याने परत फोन केला, नवीन तिकीट, वाक्य तेच. कंपनीचं नाव लिहीत नाही. एकाच कंपनीचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात, आणि ज्या पंधरा-वीस ओळखीच्यांना मी नंतर विचारलं त्यांच्या कंपन्या वेगवेगळ्या होत्या, काहींचा तर ओळखीतला डीलर होता. नाव अडकण्याचं कारण सगळीकडे सारखंच.

कारण असं. आपल्या बाजारात 'फर्स्ट ओनर' गाडीला एक भाव आणि 'सेकंड ओनर'ला दुसरा. डीलरने गाडी स्वतःच्या नावावर केली तर आरसीवर एक मालक वाढतो, फी जाते, भाव पडतो. म्हणून तो आपल्या सहीचे कोरे फॉर्म जपून ठेवतो. गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडी कागदावर आपली. गिऱ्हाईक आठवड्यात मिळालं तर आठवडा, नाही मिळालं तर सहा महिने. त्यात गाडी एका डीलरकडून दुसऱ्याकडे गेली की मूळ कंपनीलाही माग लागत नाही.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५०. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, राज्याबाहेर गेली तर ४५ दिवसांत. घेणाऱ्याने ३० दिवसांत. विकणाऱ्याने, हा शब्द नीट वाचा. आपण समजतो की हे कंपनीचं काम. सेवा म्हणून ती करते, पण कायद्याने जबाबदारी आपल्यावरही आहे. आणि त्याच कायद्याच्या व्याख्येप्रमाणे मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे तो. पैसे कोणी दिले, किल्ली कोणाकडे आहे, याला तिथे जागा नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे ६ फेब्रुवारी २०१८ला स्वच्छ सांगितलं आहे. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयातून आलेलं प्रकरण. मूळ मालकाने २००७मध्ये गाडी विकली होती, पुढे ती आणखी काही हात फिरली, आणि २००९मध्ये अपघात झाला, त्यात जीव गेला. आरसीवर नाव पहिल्या माणसाचंच. उच्च न्यायालयाने त्याला सोडून शेवटच्या खरेदीदारावर भरपाई टाकली होती. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं आणि भरपाई नोंदणीकृत मालकावर ठेवली. न्या. चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा की अपघातात ज्याचं माणूस गेलं त्याने गाडी कोणी कोणाला विकली याचा माग काढत फिरायचं का? मला हा निकाल पटतो. मेलेल्याच्या घरच्यांना आरटीओच्या कागदावरचं नाव एवढाच आधार असतो. पण मग त्या कागदावर जुनं नाव राहू देणाऱ्याला सहा महिने मोकळीक का, हा प्रश्न उरतो.

विम्याचं थोडं समजून घ्या. गाडी विकली की थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर जातो, कायद्यातच तशी तरतूद आहे. त्यामुळे पॉलिसी चालू आहे तोवर निदान तेवढा दिलासा. ती संपली, नवीन माणसाने काढली नाही, आणि नाव तुमचं असेल, तर भरपाई कोणाकडून वसूल होणार हे वेगळं सांगायला नको. माझ्यासारख्याचं दीड लाखाचं डील, आणि टांगती रक्कम कितीही मोठी असू शकते. (जाता जाता: नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, आपला असतो. विकताना विमा कंपनीकडून तसं पत्र घेऊन ठेवा, तीन वर्षं चालतं. मी घेतलं नव्हतं.)

यानंतर महिनाभराने, १० नोव्हेंबरच्या संध्याकाळी, दिल्लीत लाल किल्ल्याजवळ गाडीत स्फोट झाला. पहिल्या बातम्यांतच आलं की ती आय-ट्वेंटी गुरुग्रामच्या एका माणसाच्या नावावर होती. त्याने ती आधीच विकलेली, मग ती अनेक हात फिरलेली. तरी पोलीस आधी त्याच्याच दारात गेले, जायलाच हवेत. त्या रात्री बातम्या टाइप करता करता मी चार वेळा ॲप उघडून बघितलं. मालक, अजून मीच. तेव्हा झोप लागली नाही हे कबूल करतो. आपल्याकडे २०२१च्या फेब्रुवारीत अंबानींच्या घराजवळ स्फोटकांची स्कॉर्पिओ सापडली तेव्हाही आम्ही सगळे बातमीदार एकच प्रश्न घेऊन धावत होतो, गाडी नेमकी कोणाची? कागदावर एकाचं नाव, वापरत होता ठाण्याचा दुसराच, आणि विक्रोळीला हायवेवरून ती चोरीला गेल्याची तक्रार. ते प्रकरण फार वेगळ्या वळणाने गेलं. पण आरसीवर नाव एकाचं आणि गाडी दुसऱ्याकडे, हे आपल्याकडे इतकं सर्रास आहे की कोणाला त्यात वावगं वाटत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, जी मलाही नोव्हेंबरपर्यंत माहीत नव्हती. यावर सरकारने नियम केलेला आहे! २२ डिसेंबर २०२२ची केंद्रीय अधिसूचना, १ एप्रिल २०२३पासून लागू. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याने आरटीओकडून 'अधिकृत डीलर' म्हणून प्रमाणपत्र घ्यायचं, ते पाच वर्षं चालतं. गाडी त्याच्या ताब्यात देताना आपण आणि तो मिळून पोर्टलवर फॉर्म २९-सी भरायचा. पोच निघाली की त्या क्षणापासून तो डीलर 'मानीव मालक'. पुढे गाडीचं काहीही झालं तर जबाबदार तो. आपल्यासारख्यांचा जीव कंव्हेअन्सच्या अर्जांत जातो, त्यामुळे 'मानीव' हा शब्द चेंबूरकरांना शिकवायला नको. या नियमात ती गाडी डीलरने ट्रायल, दुरुस्ती, तपासणी अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढायची आणि प्रत्येक फेरी नोंदवहीत लिहायची, असंही आहे. आणि मालक न वाढवता जबाबदारी हलते, म्हणजे डीलरचं जे रडगाणं होतं त्यावरही उत्तर आहे.

इतका चांगला नियम, आणि मी विचारलेल्या एकाही माणसाला २९-सीची पोच मिळालेली नव्हती. मला तर हा फॉर्म कोणी दाखवलाही नाही. कंपन्यांच्या जाहिरातींत 'एका तासात पैसे' असतं, 'एका तासात जबाबदारीतून मोकळे' असं कोणीच लिहीत नाही. कारण आपण विचारत नाही. आपल्याला पैसे खात्यात आल्याचा मेसेज दिसला की व्यवहार संपला असं वाटतं.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या कंपनीचं ॲप माझ्या गाडीचा रंग किती मायक्रॉन जाड आहे हे मोजू शकतं, तिला किल्ली घ्यायच्या आधी एक पोच काढून देणं अवघड नाही. २९-सीची पोच निघाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा नियम परिवहन खात्याने कडक करावा. वडाळ्याच्या आरटीओसह प्रत्येक कार्यालयाच्या दारात आणि वेबसाइटवर अधिकृत डीलरांची यादी लावावी. आणि रोखून ठेवलेल्या अनामतीला दुसरी बाजू असावी. ठरल्या मुदतीत नाव बदललं नाही तर दिवसाला अमुक रक्कम विकणाऱ्याला, असं करारात लिहिलेलं हवं. कंपनीला उशीर परवडतो तोवर उशीर होत राहणार.

काही मित्र म्हणतील, मग ओळखीत विका ना. ओळखीतही तेच होतं हो. आमच्या शेजारच्या काकांनी स्कूटर भाच्याच्या मित्राला दिली, तीन वर्षं झाली, अजून चलन काकांनाच येतं. ओळख असल्यामुळे ते बोलूही शकत नाहीत. कंपनीशी निदान भांडता येतं.

भांडायचं कसं, तर मी केलं ते सांगतो. कॉल सेंटर सोडून दिलं. कंपनीच्या वेबसाइटवर तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतो. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. त्याला डिलिव्हरी नोट, टोलचा मेसेज, चलन आणि ॲपचा स्क्रीनशॉट जोडून ईमेल केला. विषयात लिहिलं, 'गाडी तुमच्या ताब्यात, जबाबदारी माझ्यावर.' सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. आरटीओत ओळखीच्या एका कर्मचाऱ्याने सल्ला दिला, विक्रीची तारीख, वेळ आणि ताबा घेणाऱ्याचा तपशील लिहून अर्ज द्या, पोच घ्या. तेही केलं. जूनमध्येच करायला हवं होतं. फास्टॅग त्याच दिवशी बँकेला सांगून बंद केला.

दोन दिवसांत फोन आला, या वेळी तिकीटवाला नव्हे. गाडी दोन डीलर फिरून सातारा जिल्ह्यात एकाकडे गेली होती, तो ती चालवत होता, हप्ता मंजूर व्हायची वाट बघत होता. त्याची तरी काय चूक? त्यानेही पैसे मोजले होते, त्यालाही नावाचा कागद मिळाला नव्हता. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ॲपवर नाव बदललेलं दिसलं. रोखलेले ५ हजारही आले, पण पुणे-सातारा रस्त्यावरच्या त्या चलनाचे पैसे कापून. म्हणजे विक्रीनंतर चार महिन्यांनी, दुसऱ्याने जोरात चालवलेल्या गाडीचा दंड शेवटी माझ्याच खिशातून! त्यासाठी वेगळा ईमेल गेला आहे, उत्तर यायचं आहे.

तुमच्यापैकी कोणाला गाडी देताना २९-सीची पोच मिळाली असेल, तर नाव-नंबर झाकून मला त्याचा फोटो पाठवा. ज्यांना मिळाली नाही त्यांनी विक्रीची तारीख आणि नाव बदलल्याची तारीख एवढंच कळवा. पुढच्या आठवड्यात वडाळ्याला निवेदन द्यायचं आहे, त्याला ही दोन्ही टिपणं जोडणार आहे. आणि ज्यांनी वर सांगितलेला नंबर अजून टाकून बघितला नाही, त्यांनी आत्ता बघा.